नाव घातलेला माल

आप्पांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर आपटून वाजवलं.

"पोलाद हाय," ते म्हणाले. "पत्रा मात्र जाड दिलाय लेकाच्यांनी."

"आप्पा, ते क्रेडिट कार्ड आहे. आपटू नका."

"मग लोखंडाचं कशाला केलंय?"

"प्रीमियम आहे ते. सगळ्यांना देत नाहीत. बँक स्वतःहून फोन करून देते."

"फोन करून देत्यात म्हणजे खपत नसणार," आप्पा म्हणाले. उभा जन्म दुकानात गेलेल्या माणसाला यापेक्षा वेगळं काही सुचणं शक्यच नव्हतं.

आईनं पदराला हात पुसून कार्ड हातात घेतलं. काळंभोर, गुळगुळीत, कोपऱ्यात एक सोनेरी चौकोन. "जड आहे की रे," ती कौतुकानं म्हणाली. मग तिला कुठून तरी शंका आली. "फुकट दिलं?"

"फुकट नाही. वर्षाची फी असते."

"म्हणजे पैसे भरायच्या वस्तूचे पैसे भरायचे?"

मी विमानतळावरच्या लाउंजबद्दल सांगितलं, विम्याबद्दल सांगितलं, दिवसरात्र आपल्या दिमतीला असणाऱ्या मदतनिसाबद्दल सांगितलं. आई ऐकत होती. आप्पांचं लक्ष नव्हतं. ते कार्ड उजेडात तिरकं धरून काहीतरी शोधत होते.

"नाव कुठाय?"

"हे काय, खाली. तुषार वेळापुरे."

"ह्या मुंग्या? आणि इंग्रजीत. छापलेलं दिसतंय, घातलेलं नाही. वर्षात पुसून जाईल."

आता नाव घालणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कराडच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आप्पा गल्ल्यावर बसत नाहीत, ते काम आई करते. आप्पा दाराशी स्टुलावर बसतात, हातात ते टर्रर्र करणारं नावं घालायचं मशीन घेऊन. गिऱ्हाईक भांडं घेतं आणि आप्पा त्यावर नाव कोरून देतात. देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, कधी दोघांचं. तालुक्यातल्या निम्म्या घरांतल्या डब्यांवर माझ्या बापाचं अक्षर आहे. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून जमल्या, भांड्यांवर नावं घालणं आणि माणसांना नावं ठेवणं. दोन्हींत त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी आहे, लाल रंगात, त्यांच्याच हातची. 'नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही पाटी लावायला कारण घडलं होतं. मिरजेकडच्या कुणा गिऱ्हाइकानं लग्नाचा अख्खा संच घेतला, नवरानवरीची नावं घालून घेतली, आणि आठवड्यात लग्न मोडलं. संच परत आला. आप्पांचा स्वभाव तेव्हा मऊ होता, त्यांनी तो घेतला. पण दुसऱ्याची नावं घातलेली भांडी विकत कोण घेणार? ती आमच्या घरी आली. माझं सगळं लहानपण 'चि. दिलीप व चि. सौ. कां. शकुंतला यांस' असं लिहिलेल्या पेल्यातून पाणी पिण्यात गेलं. शाळेतले मित्र घरी आले की विचारायचे, दिलीप कोण रे? मी सांगायचो, काका. हे काका कुणी कधी पाहिले नाहीत.

तेव्हापासून आप्पांनी नियम केला. साखरपुडा झाल्याशिवाय जोडीचं नाव घालायचं नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. "घातलेलं नाव पुसता येत नाही," ते म्हणायचे. "आधी ठरवा, मग या."

हे सगळं मी सांगतोय कारण त्या दिवसांत माझंच काही ठरत नव्हतं.

मृण्मयी गद्रे माझ्याच कंपनीत होती. पुण्याची, कोथरूडची. आम्ही कासार, ते कोकणस्थ, आणि आमच्या घराण्यात असं लग्न आधी कुणी केलेलं नव्हतं. आईला मी सांगितलं तेव्हा तिनं थोडं रडून घेतलं आणि मग मुलीचा फोटो मागितला. आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू." आणि गप्प झाले. पाडवा गेला, उन्हाळा गेला, पावसाळा निम्मा सरला, आप्पांचं 'बघू' काही पुढे सरकेना. नावं ठेवली असती तर मी भांडलो तरी असतो. पण मृण्मयीबाबत त्यांनी एकदाच काय ती तक्रार केली होती, तीही स्वतःशीच: "नाव किती अवघड हाय पोरीचं."

मृण्मयीनं मला स्पष्ट सांगितलं होतं. "माझे आईबाबा तयार होतील. पण तुझ्या आप्पांनी स्वतः हो म्हटलं पाहिजे, तुषार. गप्प बसलेल्या माणसाच्या घरात मी सून म्हणून येणार नाही. जन्मभर वाटेल की त्यांना मी नको होते."

तर त्यासाठी ते जेवण ठरलं होतं. रविवारी दुपारी, पुण्यात, दोन्ही घरं एकत्र. मी आईआप्पांना न्यायला शनिवारी कराडला आलो होतो आणि येताना ते कार्ड मिरवायला घेऊन आलो होतो. गद्रेकाका बँकेतून निवृत्त झालेले. माझं गणित असं, की बिल आलं की मी ते कार्ड काढायचं, ते टेबलावर ठेवताना जरा वाजवायचं, आणि काकांच्या मनातून भांडीवाल्याचा मुलगा जाऊन तिथे कुणीतरी मोठा माणूस बसायचा. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण प्रेमात पडलेला माणूस असलीच गणितं करतो.

"आणा ते इकडं," आई म्हणाली. "नवी वस्तू आहे, देवापुढं ठेवते." आणि त्या प्रीमियम कार्डाला हळदकुंकू लागून ते अन्नपूर्णेच्या मूर्तीला टेकून उभं राहिलं.

सकाळी मी दाढी करत होतो तर आप्पा न्हाणीच्या दाराशी येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, तयार.

"तुषार, त्या पोरीच्या नावात बाणातला ण का नळातला न?"

माझा हात थांबला. बैठकीला निघायच्या दिवशी या माणसाला मुलीच्या नावात खोट काढायची होती!

"बाणातला. पण कुणी कुणी नळातलाही लिहितं."

"कुणी कुणी नको. ती काय लिहिती?"

"बाणातला."

"अर्धा ण, मग म. आणि पहिला म, त्याला ऋकार."

"हो आप्पा. अवघड आहे, माहीत आहे मला. पण तिनं काही स्वतः ठेवलेलं नाही ते."

"मी कुठं काय म्हटलं," असं म्हणून ते वळले. "जरा दुकानात जाऊन येतो. कुलूप नीट लागलंय का बघतो."

ते आले तेव्हा आई पैठणी नेसून गाडीत बसली होती आणि मी हॉर्न वाजवत होतो. त्यांनी कार्डाचं ते काळं चामडी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "घे तुझा पत्रा. देवापुढनं काढून आणलाय." त्यांच्या चष्म्याच्या काचांवर काळी भुकटी उडाली होती. मी म्हटलं, चष्मा पुसा, आणि पाकीट न उघडता खिशात टाकलं.

गाडीत आप्पा पुण्यापर्यंत एकदाच काय ते बोलले. आईनं खंबाटकीच्या घाटात एकदा विचारलं, "अहो, तिथं नीट बोलाल ना?" ते म्हणाले, "बोलायचं ते बोलून झालंय माझं." आईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. हा माणूस नाही म्हणणार, तेही चारचौघांत, अशी माझी खात्री झाली.

हॉटेल मोठं होतं. ताटवाट्या तांब्याच्या. गद्रेकाका, काकू आणि मृण्मयी आधीच येऊन बसले होते. मृण्मयीनं वाकून नमस्कार केला तेव्हा आप्पा "असू दे, असू दे" एवढंच म्हणाले, आणि खुर्चीत बसताक्षणी समोरची वाटी उलटी करून तिचा तळ बघितला.

"काय बघताय, वेळापुरे?" गद्रेकाकांनी विचारलं.

"नाव नाही घातलेलं. चोरीला जातील."

काकूंनी हसू दाबलं. मी विषय बदलायचा म्हणून घाईघाईनं नव्या कार्डाचं बोलणं काढलं. काढलं आणि फसलो. कारण गद्रेकाका निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातली बँक अजून चालू होती.

"मेटल कार्ड? वा. फायदा काय त्याचा?"

"विमानतळावर लाउंज मोफत मिळतो, काका."

"वर्षातून किती वेळा विमानात बसता?"

"म्हणजे, ऑफिसनं पाठवलं तर…"

"गेल्या वर्षी पाठवलं?"

"नाही."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

मी पाणी प्यायलो. आप्पांनी मधेच तोंड घातलं. "लाउंज म्हणजे काय असतंय?"

"बसायची जागा," काका म्हणाले. "चहा, सँडविच वगैरे देतात."

"म्हणजे फुकटच्या चहासाठी फी भरायची आणि तो प्यायला विमानाचं तिकीट काढायचं."

"अगदी बरोबर!" गद्रेकाकांनी टेबलावर थाप मारली. "आणि एक दिवसरात्र मदतनीस असतो. फोन केला की हॉटेलात टेबल राखून ठेवतो."

"हे टेबल कुणी राखलं?" आप्पांनी मला विचारलं.

"मी. इथे फोन करून."

यावर दोघं म्हातारे असे हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. व्याही व्हायच्या आधीच दोघांची युती झाली, आणि ती माझ्याविरुद्ध. मृण्मयी पण हसत होती. मला त्याचं काही नव्हतं. मला वाटलं, हसले ना आप्पा, आता जमेल.

गोड यायच्या वेळी गद्रेकाका गंभीर झाले. त्यांनी नॅपकिन बाजूला ठेवला.

"वेळापुरे, आता मुद्द्याचं बोलतो. मुलांचं ठरलंय, पण आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचंय. मृण्मयीलाही ऐकायचंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

सगळे आप्पांकडे बघू लागले. ते श्रीखंडाच्या वाटीत चमचा फिरवत होते.

"माझं सांगून झालंय," ते म्हणाले.

"कधी?"

"सकाळीच."

"कुणाला?"

"ह्याला." आणि चमच्यानं माझ्याकडे बोट दाखवावं तसं केलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. सकाळी त्यांनी मला काय सांगितलं होतं? नाव अवघड आहे, एवढंच. मी मृण्मयीकडे बघितलं. ती समजायचं ते समजली होती. तिनं हळूच ताट पुढे सरकवलं आणि पर्स मांडीवर ओढून घेतली. ती आता उठणार, हे मला दिसत होतं, आणि ती उठली की पुन्हा बसणार नाही, हेही दिसत होतं. आईनं आप्पांच्या दंडाला धरून हलवलं. "अहो, नीट बोला की! पोरगी बघतेय तुमच्याकडं!"

"दोनदोनदा काय सांगायचं?" आप्पा म्हणाले.

अशा वेळी वेटर बिल घेऊन आला. एरवी बिलावरून ओढाओढ झाली असती, पण कुणात तेवढा उत्साह उरला नव्हता. मी खिशातून ते पाकीट काढलं आणि तसंच, न बघता, वेटरच्या हातात दिलं. वाजवायचं वगैरे सगळं विसरून गेलो होतो.

वेटर मशीन घेऊन उभाच होता. त्यानं कार्ड आत घातलं, काढलं, शर्टाच्या बाहीला पुसलं, परत घातलं.

"सर, कार्ड घेत नाहीये."

"असं कसं? नवीन आहे ते."

"नवीन आहे सर, पण…" तो अडखळला. "सर, यावर काहीतरी लिहिलंय. मराठीत."

गद्रेकाकांनी हात पुढे केला. बँकेच्या माणसाला बिघडलेलं कार्ड दिसल्यावर राहवत नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"चि. तुषार व… चि. सौ. कां. मृण्मयी… यांस सप्रेम भेट. आप्पा."

काळ्या पत्र्यावर चांदीसारखी अक्षरं होती, दोन ओळींत, दुकानातल्या सगळ्या भांड्यांवर असतात तशी, डाव्या बाजूला किंचित कललेली. मृण्मयीमधली 'यी' सोनेरी चौकोनावरून आरपार गेली होती.

मला एकदम ती लाल पाटी दिसली, दिलीप-शकुंतलेचे पेले दिसले, आणि आप्पांच्या चष्म्यावरची काळी भुकटी दिसली. साखरपुड्याआधी सख्ख्या पुतण्याच्या ताटांवर ज्यानं नाव घातलं नाही, तो माणूस रविवारी सकाळी दुकान उघडून एकटा बसला होता आणि नियम मोडत होता. मला रडू आलं, आणि तांब्याच्या पेल्यात तोंड घालून मी ते लपवलं.

आई मात्र उघड रडली. रडतरडत तिनं गद्रेकाकूंना तो नियम सांगितला, दिलीप आणि शकुंतलेसकट. काकूही डोळे पुसू लागल्या.

"अहो, पण चिपवरून!" गद्रेकाकांचा जीव अजून कार्डातच अडकला होता. "चिपवरून मशीन चालवलंत तुम्ही?"

"तो पिवळा चौकोन मधी येत होता. नक्षी असंल म्हटलं."

"नक्षी! अहो, सगळं कार्ड त्या चौकोनातच असतं!"

"मग एवढं लोखंड कशाला लावलंय भोवतीनं?" आप्पांनी विचारलं. बँकेत एवढी वर्षं काढलेल्या गद्रेकाकांनीही कार्ड उलटंपालटं करून बघितलं.

मग त्यांना दुसरं सुचलं. "आणि वेळापुरे, चि. सौ. कां. लिहून मोकळे झालात. आमचा होकार अजून यायचा होता. आम्ही नाही म्हटलं असतं तर?"

"तर काय," आप्पा म्हणाले. "दिलीप-शकुंतलेच्या शेजारी ठेवलं असतं. आमच्या घरी सवय हाय."

मृण्मयीनं वडिलांच्या हातातून कार्ड घेतलं. ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. "ण बाणातला आहे," ती म्हणाली. "माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवरसुद्धा चुकलंय हो. ऑफिसात चुकतं, गॅसच्या बिलावर चुकतं. कुणी कधी विचारतच नाही." तिनं मान वर केली. "तुम्ही विचारलंत, आप्पा."

तिनं आप्पा म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. त्यांचे कान लाल झाले होते.

"जोडाक्षराला मी जादा पैसे घेतो," ते म्हणाले. "घरचं म्हणून सोडले."

बिल गद्रेकाकांनी भरलं, कडा झिजलेल्या एका जुन्या प्लास्टिकच्या कार्डानं. ते बिचारं मुकाट्यानं चाललं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ऑफिसातली तरुण मुलं मला अजून विचारतात, सर, मेटल कार्ड घेण्यात अर्थ आहे का? तुमच्याकडे होतं म्हणे. मी सांगतो, होतं नाही, आहे. मृण्मयी त्यानं कोथिंबिरीच्या वड्या कापते. धार बरी आहे, वाकत नाही, आणि हळद लागली तरी लगेच निघते. सुरीच्या मानानं महाग पडलं म्हणणारे म्हणोत.

बँकेनं तेव्हा बदली कार्ड द्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. त्यांच्या मदतनीस मुलीचा फोन आला तो लग्नाच्या गडबडीत, मी दुकानात आप्पांशेजारी बसलो होतो तेव्हा.

"सर, जुनं कार्ड कापून नष्ट करावं लागेल."

"कापत नाही हो ते. लोखंडाचं आहे."

"मग सर, आम्हाला परत पाठवावं लागेल. कार्ड बँकेची मालमत्ता असतं."

आप्पा माझ्या लग्नाचे पेले मांडीवर घेऊन नावं घालत होते. त्यांनी मशीन थांबवलं. "काय म्हणती ती?"

"कार्ड परत मागतायत, आप्पा."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, उलटाच कानाला लावला, मग सुलटा केला.

"ताई," ते म्हणाले, "त्याच्यावर आमच्या सुनंचं नाव घातलंय. नाव घातलेला माल आमच्यात परत जात नसतोय." आणि फोन माझ्याकडे देऊन ते पुढचा पेला घेऊन बसले.